डाव्या सोंडेचा ठसा

अंगणात नांगर येऊन पडायला लागले तशी सोनूबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. चैत्र सरला होता. वैशाखाचा ताव कातळाच्या सड्यावरून थेट घरात शिरत होता, पालापाचोळा जाळून भाजवळ करून लोकांची शेतं काळी झाली होती आणि गावातला जो तो खांद्यावरून आपला नांगर आणून केरू सुताराच्या अंगणात टाकून जात होता. कुणाच्या नांगराची लांब दांडी, इसाड, फुटलेली, कुणाची मूठ, रुमणं, उपटून हातात आलेली, कुणाचा फाळ बसेनासा झालेला. दरवर्षीचंच होतं हे. गावानं नांगर आणायचे, केरूनं ते पावसाआधी चालते करायचे, आणि झोडणी झाली की घराघरातून सुपं भरून भात केरूच्या दारात यायचं. सोनूबाईच्या चुलीवर वर्षभर शिजायचं ते हेच. स्वतःचा म्हणावा असा एक वाफाही त्यांच्याकडे नव्हता.

आणि नांगराच्या धन्यानं आत डोकावून बघावं, तर केरू पडवीत मांडी घालून बसलेला. हातात तळव्याएवढा शिवणीच्या लाकडाचा ठोकळा, नाक त्याला टेकलेलं आणि नखाएवढ्या पटाशीनं आपलं टोकरणं चाललेलं.

"अवो, रावजी गावकर आलेत," सोनूबाईनं हाक मारली.

"बसव त्येंना," केरू मान वर न करता म्हणाला.

रावजी बसला नाही. गावचा कारभार बघणारा माणूस, अंगानं वाळका, पण आवाज देवळातल्या ढोलासारखा. त्यानं अंगणातले नांगर काठीनं एकेक करून हलवून पाहिले.

"केरू, ह्यातला येक पन हातात घेतलेला दिसत नाय."

"घेतो की, गावकरानू. येवढं शेटचं काम आटपलं की घेतो."

"पाऊस शेटला इचारून पडनार हाय काय?" रावजी म्हणाला. "लवू सुतार मागच्या वर्सापासनं इचारतोय, तुमच्या गावाचं काम मला द्या म्हनून. मी नाय म्हनत आलो. तुझ्या बापासाठी म्हनत आलो." एवढं बोलून तो पाणीही न पिता गेला.

सोनूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ठोकळ्यावरचा भुसा फुंकत होता.

हे शेटचं काम म्हणजे तिच्या डोक्यावर वाटलेले मिरे होते. धाकूशेट बंदराजवळचा दुकानदार. त्याच्या नव्या दुकानाच्या चौकटीवर केरूनं गणपती कोरला होता, तो लोकांना फार आवडला. तेवढ्यावर शेट गप्प राहता तर बरं होतं. पण त्यानं दंतमंजन काढलं. भाताचं तूस जाळायचं, त्यात मीठ, लवंग, कापूर कुटून घालायचा आणि कागदाच्या पुड्या बांधायच्या. स्वदेशीची हवा होती, विलायती डबा विकत घेताना माणसं इकडेतिकडे बघायची, आणि मुंबईला निघालेले चाकरमानी बोटीवर चढताना शेटच्या पुड्या गाठोड्यात टाकायचे. मग शेटला वाटलं, पुडीवर आपली छाप हवी. छाप नसली तर कुणीही राख बांधून विकील.

"तू फक्त ठसा कोरून दे, केरू," शेट म्हणाला होता. "एकदा माझी छाप झाली की बंदरावरचे सगळे तुझ्याकडे येतील. तपकीरवाला येईल, विडीवाला येईल. नांगर काय तासत बसलास जन्मभर."

हे शेवटचं वाक्य केरूच्या डोक्यात गेलं आणि तिथंच बसलं.

आधी शेटला पुडीवर स्वतःचा पगडीवाला चेहरा हवा होता. केरूनं कोरला, तो शेटच्या मेव्हण्यासारखा दिसायला लागला. शेटचं आणि मेव्हण्याचं पटत नव्हतं. मग आगबोट हवी झाली. बोट कोरून झाल्यावर शेटला आठवलं, की बोटीत लोक ओकतात, ते चित्र तोंडात घालायच्या मालावर नको. मग कमळ. कमळाला दात कुठं असतात, असं कुणीतरी दुकानात म्हणालं आणि कमळही गेलं. अक्षरं मोठी हवीत, चित्रही मोठं हवं, आणि कागद मात्र आहे तेवढाच. प्रत्येक वेळी केरू सड्यावरून उन्हात चालत बंदरावर जायचा आणि संध्याकाळी मान खाली घालून परत यायचा. शेवटी गणपती ठरला.

केरूची आई गंगुबाई पडवीच्या कोपऱ्यात खलबत्त्यात पान कुटत बसायची. तोंडात एक दात उरला नव्हता, पण शब्द चावायला तिला दात लागत नसत.

"दात घासायच्या पुडीवर येका दाताचा देव?" ती म्हणाली. "बरा शोधलान शेटनं."

सोनूबाईला हसू फुटलं आणि तिनं झटकन पदर तोंडावर धरला. ही तिची लहानपणापासूनची सवय. तिचे पुढचे दोन दात पुढे आलेले आणि त्यांच्यामध्ये चांगली फट. पडलेला दुधाचा दात पोरं कौलावर फेकतात आणि उंदराकडे त्याचा दात मागतात. हिला उंदरानं खरंच आपले काढून दिले, असं माहेरी सगळे चिडवायचे. सासरी आल्यावर गंगुबाईनं ते ऐकलं आणि आयुष्यभर पुरवून वापरलं.

गणपतीचा पहिला ठसा वाया गेला तो अक्षरांपायी. केरूला अक्षरओळख नव्हती. शेटनं कागदावर 'शुद्ध दंतमंजन' असं लिहून दिलं होतं, ते त्यानं जसं दिसलं तसं लाकडात उतरवलं. छापून पाहिलं तर शेटचे डोळे कपाळात गेले. "हे काय फारशी लिहिलंस?" तो म्हणाला. दुकानातली माणसं हसली. केरूला अक्षरं उलटी आली की सुलटी, तेच कळत नव्हतं, तो बापडा शेटच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग त्यानं कागदाला तेल चोपडलं, तो पालथा घालून लाकडावर चिकटवला आणि पाठीमागून दिसणारी अक्षरं कोरली. ही युक्ती त्याची त्यानंच काढली होती. गणपती मात्र कागदावर नव्हता. शेटला चित्र काढता येत नव्हतं. तो म्हणाला, माझ्या चौकटीवर आहे तसाच काढ. केरूच्या हाताला तो गणपती पाठ होता. त्यानं डोळे मिटून काढावा तसा काढला.

सोनूबाईनं उंडीच्या तेलाचा दिवा लावून वर मातीचा परळ पालथा धरला, काजळ खरवडलं, तेलात कालवलं आणि चिंधीच्या बोळ्यानं ठशाला लावलं. केरूनं कागदावर ठसा दाबला, उचलला. गणपती असा काही उठला की गंगुबाईनंसुद्धा बसल्या जागेवरून हात जोडले. सोनूबाईनं मनात म्हटलं, सुटलो. उद्यापासून नांगर.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम नवऱ्याबरोबर बंदरावर गेली, म्हणजे शेटला आणखी काही सुचायच्या आत त्याला ओढून परत आणता येईल. शेट खूश झाला. त्यानं गड्याला बसवून पटापटा कागद छापून घेतले, दुकानाच्या मागच्या अंगणात ते वाळत पसरले. केरू आणि सोनूबाई तिथंच पायरीखाली उभी होती. शेटची बायको आनंदीबाई मागच्या दारात आली, तिनं एक कागद उचलला, आणि बराच वेळ तिनं तो खाली ठेवला नाही.

"अहो," ती आत वळून म्हणाली, "ह्याची सोंड बघितलीत का? उजवीकडे आहे."

शेट बाहेर आला. त्यानं कागद पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांवर तेच असणार होतं, पण तो बघतच गेला.

"केरू, तू मला उजव्या सोंडेचा गणपती दिलास?"

"नाय शेट. मी डावीच काढलीय. ही बगा की."

केरूनं ठसा पुढे धरला. ठशावर सोंड डावीकडे वळली होती. कागदावर उजवीकडे. सगळ्यांनी ठशाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत ठशाकडे पाहिलं. अक्षरं उलटी करायची एवढं केरूच्या डोक्यात शिरलं होतं. देवही उलटतो, हे त्याला सुचलं नव्हतं.

शेट पायरीवरच बसला. "उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळ्याचा. लोक सकाळी उठणार, पारोशा तोंडानं ही पुडी फोडणार, उष्ट्या बोटांनी कागद धरणार आणि टाकणार उकिरड्यावर. एका राखेच्या पुडीपायी माझं वाटोळं व्हायचं." मग तो ओरडायला लागला. कागद गेले, काजळ गेलं, दिवस गेला. हाताखालच्या गड्यांसमोर त्यानं केरूला असं काही सुनावलं की सोनूबाईला वाटलं, तो ठसा उचलावा आणि शेटच्या कपाळावर उठवावा. केरू मात्र शांतपणे म्हणाला, "लाकडावर उजवी काढतो शेट. म्हंजे कागदावर डावी येईल."

"मग ते आधी नाही कळलं?"

परतीच्या वाटेवर कातळ असा तापला होता की पायाला चटके बसत होते. सोनूबाईनं वाटभर एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर थांबवता आलं नसतं.

केरूनं नवा ठोकळा घेतला. आधी अक्षरं काढली, मग गणपतीचं पोट, मग सुपासारखे कान. नांगर होते तिथंच होते. सोनूबाई स्वतः वाकस घेऊन रुमण्याच्या खुंट्या तासायला बसली. तिच्या हाताला फोड आले, ते फुटले, तिनं त्यावर चिंधी बांधली. आत चुलीवर सुक्या बांगड्याचं तिखलं रटरटत होतं.

गंगुबाईचा बत्ता मध्येच थांबला.

"म्हंजे ह्या खेपेला लाकडातला देव उजव्या सोंडेचा व्हनार?"

"व्हय," केरू म्हणाला.

"आन ते लाकूड आपल्या घरात."

बांगड्याचा वास पडवीभर पसरला होता. म्हातारीनं खलबत्ता बाजूला सारला. "सोनू, ते मडकं आधी भाईर काढ. सोवळ्याचा देव घरात घडतोय आन तू मासली शिजवत्येस. वंस बुडवशील माझा."

सोनूबाईनं मडकं उचललं, परसात धोंडे मांडून त्यावर ठेवलं आणि तिथं उन्हात बसून जाळ फुंकला. धुरानं तिचे डोळे वाहत होते आणि ते फक्त धुरानं नव्हतं. घरात खायचं काय, शिजवायचं कुठं, हे आता ती पुडी ठरवणार होती.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, गंगुबाई पाणवठ्यावर जाऊन आली होती. दुपार कलायच्या आत रावजी पुन्हा अंगणात उभा राहिला. ह्या खेपेला तो अंगणाच्या कडेलाच थांबला, आत आला नाही.

"केरू, ह्या नांगरांच्या वाद्या चामड्याच्या. तुझ्या पडवीत देव सोवळ्याचा. दोन्ही येका जाग्यावर ऱ्हायचं नाय. इटाळ व्हायचा देवाला आन कोप व्हायचा गावावर."

"गावकरानू, चार दिवस..."

"नाय. उद्या सकाळी गडी घेऊन येतो. नांगर लवूकडं जातील. आन नांगर जातील तिथं भातबी जाईल, हे मी सांगायला नको." तो गेला. जाताना त्यानं पडवीकडे बघून एक नमस्कार मात्र केला.

मग सोनूबाईचा बांध फुटला.

"ऐकलात? लवूकडं भात जानार. मी इकडं खुंट्या तासून हात सोलून घेतलाय आन तुमी देवाचे कान कुरवाळत बसलात. लाकडावर डावी काढली तर शेट बोंबलतो. उजवी काढली तर गाव बोंबलतं. कुठंतरी येका ठिकानी ती उजवी जानारच, न्हवं? मंग काय हवेत काढनार? कुनी सांगितला व्हता ह्यो धंदा? तपकीरवाला येनार, विडीवाला येनार. आला कोन? रावजी आला."

"वराडू नको," गंगुबाई म्हणाली. "सगळं गाव आयकतंय. आन ते उंदराचं दात झाक आधी."

सोनूबाईचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. ती सासूकडे बघत राहिली. मग वळून तिनं नवऱ्याला विचारलं, "सोंड काढलात?"

"अजून नाय. तिथं नुसता उंचवटा ठेवलाय."

"डोळे?"

"नाय."

"मंग अजून त्यो देव झालेला नाय. उंदीर करा त्येचा."

केरूनं पहिल्यांदा मान वर केली.

"उंदीर," ती म्हणाली. "पोरं दात कुनाकडं मागतात? गनपतीकडं काय? उंदराच्या दातासारखे दात व्हायला कुनाला नको? आन त्येला सोवळं नाय, ओवळं नाय, डावं नाय, उजवं नाय."

"पोट लय मोठं हाय गो."

"भात खाऊन माजलेला असंल."

"कान?"

"उंदराला कान नसतात काय? सोंडंच्या जागी नाक करा. आन दात काढा. दात नीट काढा."

गंगुबाई काहीतरी पुटपुटली आणि तिनं बत्ता जोरात चालवला. पण वाहनाला चामडं चालतं की नाही, याबद्दल तिला काही आठवेना. केरूनं ठोकळा फिरवला, उजेडाकडे धरला आणि उंचवट्यावर पटाशी टेकवली.

सोनूबाई समोर बसून पुन्हा खुंट्या तासायला लागली आणि तिचं तोंडही सुरू झालं. शेटच्या पगडीपासून सुरुवात करून ती आगबोटीवर आली, तिथून रावजीवर, तिथून लवूवर. केरू अधूनमधून तिच्याकडे बघत होता. ती दमून गप्प झाली, तर तो म्हणाला, "बोल की. थांबू नको."

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं. नवऱ्याला उशिरा का होईना आपलं ऐकावंसं वाटलं, असं समजून ती दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली, आणि पदर तोंडावर घ्यायचं साफ विसरली.

सकाळी रावजी गडी घेऊन आला. केरूनं ठोकळा त्याच्या हातात दिला. रावजीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ह्यो उंदीर हाय."

"व्हय."

"गावाचं भात खानारा उंदीर कोरलास, मेल्या?"

"त्येला सोवळं लागत नाय, गावकरानू," सोनूबाई मध्येच म्हणाली. "नांगर ऱ्हाऊ देत."

रावजीनं बराच विचार केला. गडी ताटकळले. शेवटी तो अंगणातल्या धोंड्यावर बसला आणि काठी आडवी टाकली. "मी हितं बसतो. पयला नांगर माझ्या डोळ्यांदेखत उभा ऱ्हायला तर बाकीचे ऱ्हातील."

सोनूबाईनं नवऱ्याच्या हातातली बारीक पटाशी काढून घेतली आणि तिथं वाकस दिला. ठसा फडक्यात बांधला. "शेटकडं मी जाते," ती म्हणाली. "तुमी गेलात तर तो आनखी घोडा काढायला सांगंल."

शेटनं ठसा पाहिला आणि तो लालच झाला. "उंदीर? लोकांना वाटेल, उंदराचं औषध आहे. एखादा खाईल आणि मरेल."

"शेट, तुमचा दुधाचा दात पडला तवा तुमी कुनाला दिलात?" सोनूबाई पायरीखालूनच म्हणाली. "वाघाला?"

आतून आनंदीबाईचं हसणं आलं. ती दारात आली. "बरोबर बोलते ती. आमच्या घरच्या पोरांनी काल-परवापर्यंत कौलावर दात फेकलेत. आणि वाहनाला सोवळं नसतं हो, छापून बघा."

शेटनं कुरकुरत काजळ मागवलं. ठसा उठला. लठ्ठ पोटाचा, सुपाच्या कानांचा उंदीर कागदावर बसला होता, आणि त्याचे पुढचे दोन दात असे ठसठशीत आले होते की दुकानातला गडीही वाकून बघायला लागला. दोन रुंद दात, जरा पुढे आलेले, आणि मध्ये एक फट.

"ही शेपटी डावीकडे का?" शेटनं विचारलं. "उजवीकडे असती तर..."

"पुडीची घडी घालता तिथं ती आत जाते, शेट. दिसायची नाय," सोनूबाई म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की शेटनं शेपटी सोडून दिली.

"दात मात्र झकास उतरलेत," तो म्हणाला. "जिवंत वाटतात. कुठं बघितलान केरूनं असे?" आणि बोलता बोलता त्याची नजर तिच्या तोंडावर गेली आणि तिथंच राहिली. आनंदीबाईचीही गेली. गड्याचीही.

सोनूबाईनं कागदाकडे पाहिलं. मग तिला कळलं, काल केरू बोल बोल का म्हणत होता. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला, पण आता झाकून उपयोग नव्हता. शेटच्या अंगणात ते दात एकामागून एक वाळत पडायला लागले होते.

ती घरी आली तेव्हा रावजी गेला होता. नांगर अंगणातच होते आणि त्यातले काही दुरुस्त होऊन भिंतीला नीट उभे केलेले होते. केरू इसाडीला पाचर ठोकत होता. तिला बघून त्यानं ठोकणं थांबवलं, पण डोळे वर केले नाहीत.

"घेतलान शेटनं?"

"घेतलान."

"काय म्हनाला?"

सोनूबाई आत गेली, पाणी प्याली, चुलीपुढे जरा वेळ बसली. चीड आली होती, लाज वाटत होती, आणि दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं आपल्या तोंडाकडे नीट पाहिलंय की नाही, याची तिला कधी खात्री नव्हती. तिनं परसातलं मडकं उचलून आणलं आणि परत चुलीवर ठेवलं. मग बाहेर येऊन ती त्याच नांगराचं रुमणं धरून उभी राहिली, तो ठोकेल तेव्हा हलू नये म्हणून.

केरूनं पाचर टेकवली. तिनं पदर तोंडावर घेतला नव्हता.

"फट तेवढी जास्ती दाखवलात," ती म्हणाली.